उजव्या बाजूची बाई

१२ ऑक्टोबर १९७२

पुन्हा तेच! खुर्चीतला नवरा लख्ख, मिशीचा केस न् केस दिसतोय, आणि शेजारची बायको धुक्यात. आज धुतलेल्या फोटोंतल्या सगळ्या जोडप्यांची हीच गत. आमच्या सौ.ला दाखवलं. पुष्पा म्हणाली, बायका हलल्या असतील. सगळ्याजणी? आणि नवरे तेवढे दगडासारखे बसले?

चष्म्याचा नंबर वाढला असावा. कॅमेऱ्याची जुनी लेन्स माझ्याच हातून फरशीवर पडून फुटली, तेव्हापासून माझा माझ्यावर भरवसा राहिलेला नाही. ही नवी, कोरी करकरीत. डबीत तपासणीचा शिक्का मारलेला कागदही आहे. म्हणजे चूक माझीच असणार.

१४ ऑक्टोबर

ऊसतोडीला निघालेलं जोडपं आलं होतं. सहादेव आणि चांगुणा, इथून दोन कोसांवरच्या वस्तीवरचे. बरोबर सहादेवची आई, भागूबाई. दसरा झाला की कोपरगावकडे कारखान्याला जाणार. लेक एरवी बरोबर असते. यंदा नुकतीच तापातून उठलीय, पालात थंडी सोसायची नाही म्हणून आजीपाशी ठेवणार. अडीच वर्षांची आहे. गोजर नाव. तिला आणलं नव्हतं.

फोटो हवा तो तिच्यासाठीच. चांगुणा आपणहून बोलली, नाहीतर या बायका स्टुडिओत तोंड उघडत नाहीत. "लहान हाय वो. आमी पाडव्याला माघारी येऊस्तवर इसरंल मला. रोज दावायला कायतरी पायजे." मग जरा दबकत — "माझ्या एकलीचा काढता का? मोठा?"

भागूबाई फिस्कारली. "एकल्या बाईचा फोटू हार घालाय काढत्यात. गुमान नवऱ्याशेजारी बस."

बसली. बायकोची जागा नवऱ्याच्या डाव्या हाताला, म्हणजे फोटोत उजवीकडे. मी काळ्या फडक्यात डोकं घालून दोन-दोनदा फोकस बघितला. बाईने श्वाससुद्धा रोखून धरला होता.

१६ ऑक्टोबर

फोटो न्यायला नवरा-बायको आली. सहादेव खूष. "झ्याक आलाय." चांगुणाने तो डोळ्यांजवळ नेला, मग लांब धरला. "ह्यात मी कुठं हाय?" सहादेवने बोट ठेवलं — "ही काय, हितं." ती म्हणाली, "लुगडं माझं हाय."

मी म्हटलं, बसा, आत्ता दुसरा काढतो. सहादेव म्हणाला, बाजार व्हायचाय, मुकादम खोळंबलाय. गेले. मला त्या बाईच्या तोंडाकडे बघवेना.

२० ऑक्टोबर

आज सोक्षमोक्ष लावला. वर्तमानपत्राचं अख्खं पान भिंतीला टाचण्यांनी ताणून लावलं. दोन्ही कडांचं अंतर दोरीने मापून सारखं केलं आणि फोटो काढला. डावीकडच्या जाहिराती वाचता येतात. मधल्या बातम्या वाचता येतात. उजवीकडचा रकाना म्हणजे नुसता काजळाचा पट्टा.

वर्तमानपत्र काही हललं नव्हतं. आणि फिल्म काही माझा चष्मा लावत नाही. आत एखादी काच वाकडी बसवून ठेवलीय त्या लोकांनी! आठ दिवस मी स्वतःला शिव्या घालत होतो.

२४ ऑक्टोबर

नगरला जाऊन आलो. लेन्स ज्यांच्याकडून घेतली ते बन्सीशेठ. वर्तमानपत्राचा फोटो त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी बघितला आणि म्हणाले, "काकासाहेब, तुम्ही काय पेपर छापायला घेतलाय का? माणसांचे फोटो चांगले येतात ना?" मी म्हटलं, अर्धे येतात. "मग झालं तर."

परदेशातला माल सध्या येत नाही. दुसरी लेन्स त्यांच्याकडे नाही. कंपनीला परत पाठवायची तर किती महिने लागतील ते सांगता येत नाही, तोवर मी दुकानात बसून माश्या मारायच्या. आणि सगळ्यावर एकच उत्तर — "अहो, तपासूनच पाठवतात. शिक्का आहे की." तपासणाऱ्याला एकदा समोर बसवायला पाहिजे. उजव्या बाजूला.



९ नोव्हेंबर

अक्कल चालवली. लेन्स जिच्यावर बसवलेली असते ती फळी काढून खालची बाजू वर करून बसवली. आता डावी बाजू धुरकट आणि उजवी स्वच्छ! सकाळी एक जोडपं आलं, त्यातली बाई काय सुरेख उतरली. कपाळावरचं गोंदण, कानातल्या बुगड्या, हनुवटीवरचा तीळ. पुष्पाने प्रिंट पाण्यातून काढली आणि म्हणाली, "अहो, हसत होती ती. आपल्याला कळलंच नव्हतं."

फोटो घरी गेला आणि तासाभरात नवरा दारात. "ह्ये काय तोंड काढलंय माझं? मी मेलो व्हय?" रस्त्यावरची माणसं गोळा झाली.

इतक्या बायकांची तोंडं पुसली गेली, एकही माणूस तक्रार घेऊन आला नाही. एका नवऱ्याचं नाक गेलं तर बाजार भरला. फळी पुन्हा होती तशी बसवली. घाबरलो, दुसरं काय.

१७ नोव्हेंबर

लेन्सचं भोक बारीक केलं की उजवी कड थोडी सुधारते. पण मग उजेड पुरत नाही, लेन्स बराच वेळ उघडी ठेवावी लागते आणि माणसं खरंच हलतात. आज दोघंही गेली, नवरा आणि बायको. निदान समान न्याय.

११ डिसेंबर

भागूबाई आली. बाजाराला आली होती, फोटो पदरात गुंडाळून आणलेला. "पोरगी बापाला वळखती. दादा म्हनती. आईवर बोट ठिवलं की म्हनती, न्हाई. रोज दावती मी. रोज न्हाईच म्हनती."

मी लेन्सचं सगळं समजावून सांगितलं. ती मध्येच म्हणाली, "त्यातलं मला काय कळत न्हाई. तोंड तेवढं काडून द्या. सून जाताना पाया पडून सांगून गेली, गोजरला इसरू देऊ नका म्हनून. मी काय करू?"

मी तरी काय करू? चांगुणा तिकडे फडात. माझ्यापाशी आहे ते एवढंच, लुगडं आणि त्यावर एक पांढुरका डाग.

पुष्पा दाराआडून ऐकत होती. पुढे आली. "मी बघितलंय तिला. करते मी." भागूबाईने तिला खालून वर न्याहाळलं आणि विचारलं, "तुमास्नी लेकरं किती?" पुष्पा म्हणाली, "नाही." आणि फोटो हातातून घेतला.

१३ डिसेंबर

पुष्पाला मोठी प्रिंट काढून दिली. फोटो मोठा झाला तसं धुकंही मोठं झालं. पुष्पा आजवर देवीचे वण, सुरकुत्या, फुटलेली काच असलं काहीबाही ब्रशने झाकत आली आहे. अख्खा चेहरा कधी केला नव्हता. चांगुणाच्या नाकात चमकी होती की नव्हती यावरून आमचं वाजलं. खरं म्हणजे दोघांनाही आठवत नव्हतं.

दिवसभर गिऱ्हाइकांच्या आरशाशी बसली होती. खिडकीमुळे तिथे उजेड बरा येतो. जेवायला दोनदा हाक मारली तेव्हा उठली.

१५ डिसेंबर

चेहरा झाला! बघत राहावं असा. डोळे तर आत्ता बोलतील असे. चांगुणाचेच आहेत का, देव जाणे, पण आईचे वाटतात खरे. भागूबाई घेऊन गेली. पैसे देत होती, पुष्पाने घेऊ दिले नाहीत.

२ फेब्रुवारी १९७३

बाजारात भागूबाई भेटली. लांबूनच हात केला. "आता आई म्हनती! सांजंला दिवा लावला की फोटू माग‌ती. मुका घेती. उशाला घिऊन झोपती." पुष्पाला सांगितलं. तिने संध्याकाळी गोड शिरा केला.

मलाही बरं वाटलं. या लेन्सपायी पहिल्यांदाच काहीतरी नीट झालं.

९ फेब्रुवारी

लेन्स कंपनीला पाठवली. दुष्काळात यंदा लग्नंच नाहीत. दुकान चालू ठेवलं काय, बंद ठेवलं काय. सगळं गाव खडी फोडायला जातंय.

१९ मार्च

लेन्स परत आली. नव्या डबीत, नवा कागद, नवा शिक्का. घाईघाईने वर्तमानपत्र टाचलं. उजवीकडचा रकाना — काजळाचा पट्टा. आता ती दोनदा तपासलेली झाली. कुणाकडे जायचं आता? हसावं की डोकं आपटावं ते कळेना. पुष्पा म्हणाली, जेवून घ्या.

२८ मार्च

पाणी नाही. प्रिंट धुवायची पंचाईत.

८ एप्रिल

सहादेव-चांगुणा पाडव्याला आली. आज सगळी मिळून स्टुडिओत, लेकीसकट फोटो काढायला. चांगुणा उन्हाने काळी पडलेली, गालफडं बसलेली. मला ती आधी ओळखूच आली नाही. पोर आजीच्या कडेवर. भागूबाई हळू आवाजात म्हणाली, "चार दीस झालं, हिच्याकडं जाईना. जवळ घेतलं की वरडती. म्हनती, ही न्हाई."

तेवढ्यात पुष्पा आतून प्रिंट धुता धुता बाहेर आली. गोजर आजीच्या कडेवरून खाली उतरली. तुरुतुरु गेली, पुष्पाच्या लुगड्याला मिठी मारली आणि म्हणाली, "आई."

रोज बघतो मी पुष्पाला. तिने रंगवलेल्या त्या चेहऱ्यात मला ती दिसली नव्हती.

चांगुणाने आधी पुष्पाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. पुष्पा ओले हात तसेच वर धरून उभी राहिली.