भिंतीवरच्या तीन डब्या

९ जुलै, बुधवार
बसल्या एकदाच्या. बांधकाम चालू असलेल्या हॉटेलच्या मागे डोंगराची माती अडवायला आम्ही जी मोठी भिंत बांधली, तिच्यावर तीन डब्या. भिंत जराशी कलली की माझ्या मोबाईलवर लाल मेसेज. महाबळेश्वरचा पाऊस, आणि भिंतीच्या पायथ्याशीच कामगारांच्या पत्र्याच्या खोल्या — झोप कशी लागायची?
वीरधवलसर साताऱ्याहून फोनवर म्हणाले, "मयूरी, तुझ्या हट्टापायी घेतल्यात. आता भिंतीचं रडगाणं बंद." सर म्हणजे हॉटेलचे मालक, मी त्यांची साइट इंजिनीअर. हसून बोलले, पण बोललेच.
आमचे सुपरवायझर नाथाजी डब्यांना प्लास्टिक गुंडाळायला निघाले होते. पावसात खराब होतील म्हणून. थांबवलं.

१४ जुलै, सोमवार
दुपारी मेसेज आला. लाल. सगळ्यांना खोल्यांतून बाहेर काढलं. तानुबाईंची जतहून आलेली कामगारांची टोळी, कडेवर पोरं, डोक्यावर गाठोडी, भर पावसात चढ चढून हॉटेलच्या तळमजल्यावर.
संध्याकाळी डब्यांच्या कंपनीतून फोन — "मॅडम, मधल्या डबीत पाणी शिरलंय. रीडिंग खोटं आहे."
चुली विझल्या, पीठ भिजलं, तानुबाईंच्या नातीला ताप भरला. मला कोणी एका शब्दाने बोललं नाही. बोलले असते तर बरं वाटलं असतं.

१५ जुलै
नाथाजी म्हणाले, "मॅडम, लांडगा आला रे आला झालं बघा." सर म्हणाले, "लाल मेसेजची लिमिट वाढव. रोज उठून काम बंद पाडायचंय का?"
डबी बदलून घेतली. लिमिटही वाढवली. माझ्याच हाताने.

२२ जुलै
धुक्यात भिंत दिसतच नाही. मोबाईलवर मात्र ठणठणीत हिरवी.

२८ जुलै, सोमवार
आज आलेख बसून नीट बघितला. तिन्ही डब्यांची रेघ आठवडाभर वर चाललीय. हळूहळू, पण तिन्हींची. वाढवलेल्या लिमिटच्या आत आहे, म्हणून सगळं हिरवं.
सरांना फोन केला. "हिरवं आहे ना?" "आहे, पण —" "मग झालं तर."
कंपनीवाल्याला केला. "लिमिट तुम्हीच ठरवायची, मॅडम. आम्ही फक्त आकडे देतो."
छत्री घेऊन भिंतीपाशी गेले. पाणी निघायला भिंतीत भोकं ठेवलीत. एवढा धो धो पाऊस आणि भोकं कोरडी! मग डोंगराचं पाणी जातंय कुठे? मागेच साठतंय.
तानुबाई भाकरी थापत होत्या. मी म्हणाले, परत वर जावं लागेल.
"मागल्या टायमाला बी हेच म्हनला हुतासा."
"हो."
"आन आता मोबाईल काय म्हनतोय?"
"काही नाही. हिरवाच आहे."
"मग?"
म्हणाले, "मला भीती वाटतेय, तानुबाई."
त्यांनी हात धुतले. "आसं म्हना की. डबीचं ऐकून आमी पुन्यांदा न्हाई पळनार. तुमी म्हनताय तर निघतो." वळून टोळीला हाक दिली — "चला रं, उचला."
सगळे वर आल्यावर लिमिट पहिल्यासारखी केली. तिन्ही डब्या लाल झाल्या.

३० जुलै
सर स्वतः आले. रागातच. "कोणाला विचारून हलवलंस?" कोणालाच नाही. मी एवढंच म्हणाले, मागे खोदून बघू या.
माणसं लांब ठेवली, बाजूने मशीन लावून थोडं उकरलं. भिंतीमागे दगडगोट्यांचा थर हवा, पाणी झिरपून जायला. तिथे नुसती तांबडी माती. चिखल झालेला. भोकं त्यानेच बुजलेली. ती मोकळी केली तशी लाल पाण्याच्या धारा सुटल्या. सर छत्रीत उभे.
मग नाथाजींना म्हणाले, "त्या खोल्या पाडा. दुसरीकडे बांधून द्या." माझ्याकडे बघितलं नाही.

५ ऑगस्ट
रेघ थांबली. खाली यायला लागलीय. सांगलीचे डिझाइनवाले इंजिनीअर येऊन बघून गेले — भिंत राहील, पण मागची सगळी माती काढून दगड भरायचे.
तानुबाईंनी नव्या खोलीत चहाला बोलावलं. नात बरी आहे. माझी छत्री ओढत होती.
कितीतरी दिवसांनी पोटभर जेवले.

१४ ऑगस्ट, गुरुवार
नाथाजींना सहज विचारलं, भिंतीमागे माती कोणी भरली होती?
"आवं, त्योच की. आपल्या पाचगणीच्या हॉटेलचा भराव केलेला गडी. सरांनीच तिकडनं आनला."
पाचगणीचं हॉटेल गेल्या वर्षीच चालू झालं. भिंत अशीच. तिच्या खाली पाहुण्यांच्या खोल्या. डबी एकही नाही.
सर फोन उचलत नाहीत. तिथल्या मॅनेजरला लावला. म्हणाला, उद्यापासून सुट्ट्या, तिन्ही दिवस फुल्ल.
भिंतीकडच्या खोल्या आत्ता रिकाम्या करा, मी म्हणाले.
"कोणाच्या ऑर्डरने, मॅडम?"
माझ्या.
पाचगणीला निघाले.