चेहरे स्पष्ट हवेत म्हणे

शुक्रवार, संध्याकाळ

अमेरिकेतल्या कामगार संघटनेचं युनियनला पत्र आलं. तिकडच्या वाढीव आयातशुल्कामुळे आमच्या उर्से इथल्या कारखान्यातल्या कंत्राटी बायकांचं काम जाईल, म्हणून त्यांना कळवळा. पाठिंब्यासाठी बायकांचा फोटो हवा, चेहरे स्पष्ट दिसतील असा. चेहरे कशाला? मालकाने पाहिला तर आधी यांनाच काढेल.

बायकांना हे सांगितलं, तर त्यांच्यातली कुरवंड्याची सुरेखा म्हणाली, "ताई, नवी साडी नेसू का? न्हाईतर आमाला कोन बघतंय!" सगळ्या हसल्या. मी नाही.

शुल्क लागलं तेव्हा आपल्या नोकऱ्या वाचतील म्हणून ही अमेरिकेतली मंडळीच खूश होती ना? पत्रात त्यावर अवाक्षर नाही.

चिटणीस म्हणून मीच उत्तर धाडलं: आधी तुमचा फोटो पाठवा. हातात फलक, 'शुल्क मागे घ्या'. आणि हो, चेहरे स्पष्ट दिसू द्या.