नमितासाठी शिकलेली नेपाळी

८ सप्टेंबर, सोमवार

चोर हा शब्द तिने वापरला नाही. वापरला असता तर तोंडावर उत्तर तरी देता आलं असतं! गणपतीचं चांदीचं तबक विसर्जनापासून सापडत नाही, तर नमिता सगळ्या बायकांसमोर म्हणते, “सामानाची यादी सत्यभामाताईंकडेच असते ना? त्यांनाच विचारा.” आणि गोड हसली. नऊ वर्षं मंडळाची वही माझ्याकडे. एक निरांजन कधी इकडचं तिकडे झालं नाही. आज ती वही सुचित्राकडे द्यायला लावली. “तुम्हालाही जरा आराम, ताई.” — आराम!

हे म्हणतात, सोडून दे. मी सोडणार नाही.

९ सप्टेंबर

जपाला बसले. मण्यामण्याला नमिताच. एकशे आठ वेळा तिचं नाव घेऊन उठले. देवा, क्षमा कर — मला. तिला नको.

११ सप्टेंबर, गुरुवार

आज आठवलं. मांडवातली भांडी नमिताच्याच गाडीतून परत आली होती! मग तबक जाईल कुठे?

तिचं घर आमच्या डोक्यावर. या व्हिलाचा वरचा मजला तिचा, खालच्या दोन खोल्या आमच्या. तिची कपाटं आतून कोण बघतं? बबीता. तिची नेपाळी कामवाली, तिथेच राहते. नमिता तिच्याशी हिंदीत बोलते, म्हणजे नुसते हुकूम सोडते. मी हिंदीत विचारलं तर पोर घाबरेल. तिच्या भाषेत विचारायचं.

मॅट्रिक असले तरी पाठांतर पक्कं आहे माझं. फोनवर फुकटचे धडे मिळाले. किराण्याच्या वहीची मागची पानं कोरी होती, त्यांवर उतरवून घेतले. कोमल म्हणते, “आई, व्हाय नेपाली?” म्हटलं, पुण्य लागतं.

१४ सप्टेंबर, रविवार

गच्चीवर कपडे वाळत घालताना बबीताला गाठलं. “नमस्ते बहिनी, सन्चै हुनुहुन्छ?” तिच्या हातातली चादर खाली पडली. मग अशी हसली! “दिदी, तपाईं त समाचार पढ्ने मान्छे जस्तो!” म्हणजे मी बातम्या वाचणाऱ्या बाईसारखी बोलते. असू दे. हसली, हे महत्त्वाचं.

जाताना विचारते, “खाना खानुभयो?” जेवलात का. वाटलं, भुकेली आहे, आता काहीतरी द्यावं लागणार. दोन थालीपिठं दिली. तर तिच्याकडे ते नुसतं ‘कसं काय’ विचारतात तसं! थालीपिठं मात्र खाल्ली.

१७ सप्टेंबर

रोज चार वाक्यं. आई झापा जिल्ह्यात, गुडघे दुखतात. सात वर्षांत दोनदा घरी गेली. मी “हजुर, हजुर” करत ऐकते. मनात एकच — कपाट, कपाट.

२२ सप्टेंबर, सोमवार

घट बसवले. बबीता वरून निरोप घेऊन आली, परडीतली माती बघून दारातच थांबली. तिच्याकडेही आजच धान पेरतात. जमरा म्हणतात. दसऱ्याला मोठी माणसं टिळा लावून ते कानामागे खोचतात. “यहाँ मेरो कोही छैन,” म्हणाली. इथे तिचं कोणी नाही.

मी म्हटलं, मी आहे ना! किती सहज आलं तोंडात.

२८ सप्टेंबर, रविवार

पत्ता लागला! बबीताने सांगितलं — नमिताच्या कपाटात, पैठण्यांच्या खाली! गाडीच्या डिकीत राहिलं होतं, चार दिवसांनी सापडलं. तोवर माझं नाव घेऊन झालेलं, मग लाजेने दडवलं. बबीता माझा हात धरून म्हणाली, “कसैलाई नभन्नुस् है, दिदी.” कोणाला सांगू नका. म्हटलं, “भन्दिनँ.” नाही सांगत.

दसऱ्याला, सगळ्या बायकांसमोर. वाक्य तयार आहे.

२९ सप्टेंबर

जिन्यात नमिता भेटली. राहवलं नाही. म्हटलं, “दसऱ्याची आवराआवर झाली का? पैठण्या हलवून बघा हं, खाली काय काय सापडतं!” पांढरी पडली! इतका गोड घास वर्षभरात खाल्ला नव्हता.

२ ऑक्टोबर, दसरा

सकाळी बबीता आली. न्हाऊन, लाल कुर्ता घालून. तांदूळ, दही, कुंकू तिनेच कालवलं. “टीका लगाइदिनुस् न, दिदी.” देवासमोर पाटावर बसली, कपाळ पुढे केलं. आशीर्वादाचं नेपाळी मी शिकलेच नव्हते. मराठीतच म्हटलं, “तुझ्या केसाला धक्का लागणार नाही.” कानामागे धान खोचलं.

संध्याकाळी सगळ्या बायका जमल्यावर, मी बोलायला उठायच्या आधीच नमिता उठली. हातात तबक. “सापडलं! बबीताच्या पेटीत. सात वर्षं खाऊपिऊ घातलं मी हिला.” बबीता दारात उभी. कानामागे धान तसंच. रडली नाही, माझ्याकडे बघत राहिली.

ओरडले — “खोटं! तुमच्या कपाटात होतं.”

“तुम्हाला कोणी सांगितलं, ताई?”

“बबीताने,” असं म्हणाले असते तर सगळ्या म्हणाल्या असत्या, चोराला ठाऊक असणारच. परवा तिला पोलिसांत देणार आहेत. सुचित्राने वही माझ्या मांडीवर आणून ठेवली. “चुकलं आमचं, ताई.” एकेक बाई पाया पडून गेली. महिनाभर हेच मागत होते ना मी?

जिन्यातलं ते एक वाक्य. माझंच.

३ ऑक्टोबर, शुक्रवार

दुपारी आरती करून मंडळाच्या ग्रुपवर लिहिलं — तबक मी नेलं होतं. बोभाटा झाल्यावर बबीताच्या पेटीत मीच ठेवलं. खाली पूर्ण नाव घातलं.

हे खोटं आहे, हे बबीता सोडली तर फक्त नमिताला माहीत. तिने वाचलंय. अजून काही बोललेली नाही.