मधला परिच्छेद

मंगळवार, दुपार

चि. ठकूस,

आशीर्वाद आहेतच, पण आज ते जरा तापलेले आहेत. मुलं बरी आहेत, मीही बरी. गॅलरीतल्या कुंड्या तुझ्या सूचनांशिवायही जगल्या आहेत. अक्षर पाहून दचकू नकोस. माझा हात दुखतो, म्हणून मी सांगते आहे आणि तुझी मोठी लिहिते आहे. जसंच्या तसं लिहायचं, असं तिला बजावलंय.

तुझं पत्र मिळालं. म्हणे, या वयाच्या मुलांना असले कागद वाचायला द्यायचे नसतात. असले म्हणजे कसले गं? जुन्या राज्यांचे कायदे, जाहीरनामे, बंडवाल्यांचे अर्ज. मी काय त्यांना फुटपाथवरच्या कादंबऱ्या देते? धाकट्याने फोनवर विचारलं, "आई, जुन्या कायद्याने तुझी मालकी कोणाकडे गेली असती?" तर तू तुझ्या प्रयोगशाळेत चारचौघांत गोरीमोरी झालीस, आणि लगेच दोघांना वसतिगृहाच्या शाळेत घालायला निघालीस! प्रश्न विचारला म्हणून मुलांना हद्दपार करायची पद्धत फार जुनी आहे. तिचेही कागद आहेत माझ्याकडे.

रविवारी येऊन निकाल लावणार आहेस. त्याआधी माझी बाजू ऐक.

आमचा वर्ग जेवणानंतर बैठकीच्या खोलीत भरतो. पडदे ओढलेले असतात. त्यांतून येणारा उजेड भिंतीवर पाण्यासारखा हलतो आणि मुलं त्यात तरंगत असल्यासारखी वाटतात. कधी चेहरे विरघळतात, नुसते आवाज उरतात. अशा वेळी मला कॉन्व्हेंटच्या हॉलच्या उंच खिडक्या दिसतात, पट्टी घेऊन फिरणाऱ्या सिस्टरच्या पायघोळ झग्याची सळसळ ऐकू येते. स्वप्न म्हणावं तर मी टक्क जागी असते.

काल मी त्यांना तो दोनशे वर्षांपूर्वीचा जाहीरनामा वाचून दाखवत होते. सिस्टरने आमच्याकडून तो घोकून घेतला होता. 'या भूमीवर ज्याने श्वास घेतला, तो कोणाच्याही मालकीचा नाही.' काय वाक्य आहे! शाळेत असताना हे वाक्य म्हटलं की आपण जमिनीपासून वीतभर वर चालतो आहोत, असं वाटायचं.

"आजी, मधला परिच्छेद सोडलास," मोठी म्हणाली.

"माझं पाठांतर तपासणारी तू कोण?"

"पाठांतर कशाला? पुस्तक आहे ना हातात?"

धाकटा खुसखुसला. मोठीने पुस्तक घेतलं आणि वाचलं: 'मात्र घरातील स्त्रिया, विकत घेतलेले मजूर व त्यांची संतती यांचा वरील वाक्यात समावेश आहे असे समजू नये.'

ठकू, मला हे माहीतच नव्हतं. आमच्या शाळेच्या प्रतीत त्या जागी पांढऱ्या कागदाची पट्टी चिकटवलेली होती. पान फाटलं असेल, असं मी समजत होते. नखाने खरवडायला गेलेल्या मुलीच्या बोटांवर सिस्टरची पट्टी बसायची. म्हणजे बघ, ज्या वाक्यावर मी अख्खं बालपण तरंगले, त्यात मी नव्हतेच! ती सिस्टर आज समोर असती, तर तिला तिच्याच पट्टीने खरवडून काढलं असतं.

"म्हणजे तुला फसवलं त्यांनी?" धाकट्याने विचारलं.

"चक्क फसवलं."

"मग आता ते वाक्य आवडत नाही तुला?"

हीच तर पंचाईत. अजून आवडतं. मोठी म्हणाली, "मग दोन्ही वाचायचं. आधी ते, लगेच हे. आणि दोन्ही एकाच माणसाने कसं लिहिलं, त्यावर भांडायचं." संध्याकाळपर्यंत भांडलो. अशी भांडणं तुझ्या त्या वसतिगृहात होणार आहेत का?

नोकरीभर मी कोर्टात कागदांची भाषांतरं केली. त्यांत शिव्या होत्या, धमक्या होत्या, घाण होती. एक शब्द गाळला नाही. प्रत्येकाखाली 'अस्सलबरहुकूम' लिहून सही केली. म्हणजे मुळात आहे तसंच, काही न झाकता. मुलांना मी

(आई, इथे मी लिहायचं थांबवलं. मी आजीला विचारलं, "वरती हात दुखतो असं लिहिलंय, ते तसंच ठेवायचं? आपणही पट्टी चिकटवूनच पाठवायचं?" आजीने चष्मा काढून बाजूला ठेवला. मग म्हणाली, "भवाने, लिही पुढे.")

लिही. हात धडधाकट आहे. डोळे गेलेत.

सगळे नाही. डॉक्टर म्हणाले, नजरेचा मधला भाग गेला, कडा शिल्लक आहेत, आणि गेलेलं परत येणार नाही. समोरच्या माणसाला चेहरा नसतो, भोवती नुसता उजेड असतो. पुस्तक मी मांडीवर घेते ते शोभेला. जे पाठ आहे तेच 'वाचते'. तुला सांगितलं असतं, तर त्याच दिवशी तू मुलं घेऊन गेली असतीस. म्हणून नाही सांगितलं.

"तुला कधीपासून माहीत आहे?" मी आत्ता मोठीला विचारलं.

"तू पानं उलटायची थांबलीस तेव्हापासून."

"मग बोलली का नाहीस?"

"तू शिकवायची थांबली असतीस."

आता तुझ्यापुढे अख्खा कागद आहे, ठकू. न दिसणारी म्हातारी मुलांना काय शिकवणार, हा प्रश्न तुला पडेल. पडू दे. रविवारी ये, पण कीव घरी ठेवून ये. दुपारी आमच्यात बस. मुलं वाचतील, मी भांडेन, तूही भांड. मग काय ते ठरव. तू त्यांना घेऊन गेलीस तर मी आदळआपट करीन, पण दार अडवणार नाही.

सही माझी मी करते आहे. ओळ सापडावी म्हणून मोठीने माझं बोट कागदावर टेकवून धरलंय.

अस्सलबरहुकूम,
तुझी आई