तीनदा विचारून फोन ठेवावा

३ नोव्हेंबर, सकाळी ६.४०
आजपासून लिखाण. रश्मीने, म्हणजे माझ्या दिराच्या मुलीने, भैंशा गावच्या एका जिनिंगसाठी, म्हणजे कापसातली सरकी काढणाऱ्या गिरणीसाठी, फोन घेणारा एआय एजंट बनवला आहे. शेतकऱ्याने फोन करायचा, एजंटने मराठीत बोलायचं आणि कापसाची गाडी कधी आणायची त्याचा नंबर द्यायचा. त्याच्या हाताशी चार टूल्स, म्हणजे ठरावीक कामांची साधनं, आहेत. कोणतं कधी आणि कसं वापरायचं, हे त्याला लिहून द्यावं लागतं. रश्मीने लिहिलेलं वाचलं. एका वाक्यात तीन 'किंवा'. म्हटलं, सरक, मी लिहिते. एकतीस वर्षं शाळेत सूचनाच लिहिल्या.

जिनिंगचे मालक माणिकराव यांनी ११ तारखेच्या मंगळवारपर्यंत मुदत दिली आहे. जमलं तर पूर्ण सीझनचं काम रश्मीला. तिचं पहिलंच. नाही तर गेटवर पुन्हा रजिस्टर घेऊन त्यांचा माणूस, पंढरी.

४ नोव्हेंबर
पहिल्या टूलची सूचना लिहून झाली. 'नंबर देणे: खातेदाराचे पूर्ण नाव ऐकल्याशिवाय नंबर देऊ नये. तीनदा विचारावे. तरीही न सांगितल्यास धन्यवाद म्हणून फोन ठेवावा.' स्वच्छ. एकही 'किंवा' नाही.

रश्मी म्हणाली, मोठ्याई, मोबाइल नंबरवरून खातं काऊन नाही शोधायचं? म्हटलं, ज्याला नाव सांगता येत नाही त्याने कापूस विकू नये. तिने माझी ओळ टाइप केली. पटलं असणार.

हे पेपरआडून हसले. कारण विचारलं नाही.

७ नोव्हेंबर
एजंट सुरू झाला. लिहिलं तेवढंच करतो, एक अक्षर कमी नाही, जास्त नाही. असे विद्यार्थी मला आयुष्यात दोनच मिळाले.

८ नोव्हेंबर
एकशे बारा फोन आले. त्याने एकोणतीस नंबर न देताच ठेवले. रश्मीने रेकॉर्डिंग ऐकवलं. एकोणतीसच्या एकोणतीस बायका. खातं नवऱ्याच्या नावावर, फोन बायको करते. जयवंताबाई म्हणून कुणी होत्या. एजंटने नाव विचारलं. त्या म्हणाल्या, आमच्या घरचे. पुन्हा विचारलं. म्हणाल्या, अश्विनीचे बाबा. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा भडकल्या. बापा, सारा गाव ओळखते त्यायले, तूच कसा नाई ओळखत? एजंटने धन्यवाद म्हणून फोन ठेवला.

रश्मीचा चेहरा उतरला. ओळ बदलू म्हणाली. म्हटलं, ओळ नाही बदलणार, बायका बदलतील. २०२५ साल आहे. नवऱ्याचं नाव घेतल्याने कुणाचं आयुष्य कमी झालेलं मी पाहिलेलं नाही.

९ नोव्हेंबर
माणिकरावांचा फोन. मॅडम, तुमची मशीन आमच्या गिऱ्हाइकायले उठाबशा काढायले लावून राह्यली. म्हटलं, याला शिस्त म्हणतात. ते म्हणाले, मंगळवारी इचोड्याला तुमच्या घरी येतो, माझ्यासमोर फोन लावून दाखवा, नाही तर पंढरी रजिस्टर घेऊन तयारच आहे.

हे म्हणाले, ओळ बदल. म्हटलं, तुम्ही पेपर वाचा.

१० नोव्हेंबर
ओळ बदलली नाही. उलट 'तीनदा' अधोरेखित केलं.

११ नोव्हेंबर, दुपारी
माणिकराव आले. चहा दिला. आमच्या वावरातला कापूस निघालाच आहे, खातं आमच्या यांच्या नावावर आहे. म्हटलं, मीच लावते फोन. स्पीकर चालू केला. एजंट म्हणाला, नमस्कार, खातेदाराचं पूर्ण नाव सांगा.

मी खोकले.

त्याने पुन्हा विचारलं. म्हटलं, निवृत्त पोस्टमास्तर, इचोडा. माणिकराव बशीत बघत होते. रश्मी माझ्यापुढे हात जोडून बसली होती. तिसऱ्यांदा विचारलं. म्हटलं, इथंच खुर्चीवर बसलेत, त्यांनाच विचार. खुर्चीवरून मदत शून्य. एजंटने धन्यवाद म्हणून फोन ठेवला.

माणिकरावांच्या शर्टावर चहा सांडला. बराच वेळ हसत होते.

नोंद: मी मुद्दाम थांबले. तिसऱ्यांदा विचारून फोन ठेवतो का, हे तपासायचं होतं. ठेवला. सूचना स्पष्ट असल्याचा यापेक्षा मोठा पुरावा नाही. बाकी नाव घ्यायची सवय नाही, एवढंच. आपल्याकडे सहीत नवऱ्याचं एक इनिशियल पुरतं, कधी वेळच आली नाही. आली असती तर घेतलं असतं.

१२ नोव्हेंबर
काम रश्मीला मिळालं. माणिकराव म्हणाले, पोरी, तुझी मशीन तर लय शहाणी आहे, सांगितलं तसं करते. सांगणारं माणूस तेवढं बदल.

रश्मीने माझी ओळ काढून टाकली. मला विचारलं नाही. नवीन ओळ अशी: 'नाव न सांगितल्यास मोबाइल किंवा पासबुकच्या नंबरवरून खाते शोधावे. आपल्याकडे बऱ्याच बायका नवऱ्याचे नाव घेत नाहीत. पुन्हा पुन्हा विचारून त्यांना अवघडवू नये. उदाहरण:'

उदाहरण म्हणून माझा कालचा फोन पूर्ण उतरवला आहे. 'मनकर्णाबाई, निवृत्त मुख्याध्यापिका' असं वर लिहून. खोकल्यासकट.

म्हटलं, 'अवघडवू' खोड, मी अवघडले नव्हते. ती म्हणाली, राहू दे मोठ्याई, त्याले उदाहरणानेच समजते. प्रत्येक फोन घेण्याआधी एजंट हे सगळं पहिल्यापासून वाचतो म्हणे.

आज एकशे चौदा फोन आले. एकही ठेवला नाही.