धूळ नसलेली सकाळ

९ फेब्रुवारी
सर म्हणतात, अशक्य! "वणीच्या धुळीत नवा कण जन्मणार? महिनाअखेर मशीन नागपूरला परत पाठव." पाठवते! पण आधी कण पकडून दाखवीन, तोही आईच्या गच्चीवरून. मग माझी पीएच.डी. कशी अडते ते बघू.

१० फेब्रुवारी
आईला वाटतं, मशीन धूळ मोजतं. "कायले मोजतं वं पोरी? फडकं दे, पुसून टाकतो!" हसूच आलं. धूळ माझ्या काही कामाची नाही. मला पाहिजे तो हवेत जन्मणारा कण. दूरच्या वीजकेंद्राच्या चिमण्यांतून गंधकाचा वायू येतो, ऊन त्याचं आम्ल करतं. शेतातल्या युरियातून, गोठ्यांतून अमोनिया येतो. दोघं भेटले की, जिथे काहीच नव्हतं तिथे कण तयार! केसाच्या दहा हजाराव्या भागाहून बारीक. अडचण एकच — खाणीच्या ट्रकांनी उडवलेली कोळशाची धूळ. वायू तिलाच चिकटून बसतात. आयतं घर मिळाल्यावर नवं कोण बांधतो?

बाळंतपणाला आलेली धाकटी बहीण पायलही वैतागली आहे. पिल्लू सव्वा महिन्याचं झालं, धुळीपायी एकदाही उन्हात गेलेलं नाही. खिडकीला सदा ओली ओढणी.

१३ फेब्रुवारी
ड्रायव्हरांचा संप. कोळशाचे ट्रक बंद!!

१५ फेब्रुवारी
दोरीवरचे लंगोट संध्याकाळपर्यंत पांढरेच. आई खूश, मी त्याहून खूश. पायल म्हणाली, "ताई, पिल्लूले बाहेर नेऊ का?" ने की बिनधास्त! आईने लगेच न्हाऊ घालून अंगणात बाज टाकली.

सरांना कळवून टाकलं — उद्या, ऊन चढलं की. लावा पैज.

१६ फेब्रुवारी
सापडला! ऊन तापू लागलं आणि पडद्यावर तळातून रेघ उठली. आधी अगदी बारीक कण, मग तेच वाढत वाढत वर. पुस्तकात असतो तसा केळ्यासारखा बाक! सरांचा फोन : "मानलं तुला! असे आणखी चार-दोन दिवस मिळव, मशीन तिथेच ठेवू." मी गच्चीवर एकटीच नाचले. खाली पिल्लू बाजेवर पाय झाडत होतं.

१७ फेब्रुवारी
आज कण कालच्यापेक्षा जास्त. आकाश निळंशार. कठड्यावरून खाली पाहिलं, तर पिल्लू आजही अंगणात, बाजेवर. हे कण नाकात अडत नाहीत, थेट फुप्फुसाच्या तळाशी जातात. मोठ्या माणसाचं काय करतात तेच धड माहीत नाही, मग एवढ्याशा जिवाचं?

धावत खाली गेले. पायलला म्हटलं, आत चल. आई चिडली, "आता त धूळ बी नाही! काहून आत?" मी दार लावून घेतलं.

सरांचा मेसेज : संप अजून किती दिवस चालेल?

उद्याच मिटू दे. येऊ दे ती धूळ. दिसते तरी.