लाल ठिपक्याचं चाक

मी, खाली सही करणारा, वय एकाहत्तर, धंदा सायकलींची चाकं भरणे, म्हणजे रिममध्ये तारा ओवून ताणणे, हे मृत्युपत्र स्वतःच्या अक्षरात लिहीत आहे. डोकं ठिकाणावर असल्याचं डॉक्टरांनी लिहून दिलं आहे. सुनेला अजून खात्री नाही. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. याआधीच्या मृत्युपत्रात दुकान मुलाला दिलं होतं, ते रद्द समजावं.

१. राहतं घर मुलगा आणि सून यांना समसमान. जिन्याची चौथी पायरी हलते, हे मी दहा वर्षं सांगतो आहे. आता घर तुमचं, पायरीही तुमचीच.

२. बँकेतली शिल्लक नातीच्या शिक्षणासाठी. तिनं काय शिकावं यात कोणी नाक खुपसू नये.

३. समोरच्या बॅटरीवाल्यानं माझी मोठी पक्कड "दोन मिनिटांत आणतो" म्हणून नेली, त्याला अकरा वर्षं झाली. ती त्यालाच राहू द्यावी. परत केली होती असं तो शपथेवर सांगेल, ऐकून घ्यावं आणि हसू नये.

४. दुकान, चाकाचा आऊट, म्हणजे डगडग, काढायचा स्टँड, तारांचा ताण मोजायचं यंत्र आणि मोटरच्या चाकांचं सगळं सामान धाकट्या बहिणीला, पूर्ण मालकीनं.

याचं कारण लिहिणं भाग आहे. सायकलींना मोटर आली तेव्हा दुकानात आम्हा दोघांची जुंपली. मी म्हणे, मोटर जड, तर तारा जाड हव्यात. ती म्हणे, "दादा, जाड तार पुरती ताणायच्या आत रिमच दगा देते. मग तार सैल राहते, आणि सैल तार धक्के खाऊन तुटते." तिचं बरोबर होतं. मला ते कळतही होतं, पण थोरला होतो ना मी.

चाक पुरं झालं की हवा भरायच्या नळीशेजारी आम्ही रंगाचा ठिपका लावत असू, तिचा लाल, माझा निळा. टपाल वाटणाऱ्या बाईंनी त्यांच्या मोटरच्या सायकलीचं मागचं चाक भरायला सांगितलं आणि वर म्हणाल्या, "लाल ठिपक्याचंच द्या हं." ते मला झोंबलं. बहीण आठवडाभर बाहेरगावी होती. मी जाड तारांनी चाक भरलं आणि लाल ठिपका लावून दिलं. कोणाला फरक कळत नाही, एवढंच मला बघायचं होतं.

तिसऱ्या महिन्यात उतारावर तारा तुटल्या आणि बाईंच्या खांद्याचं हाड मोडलं. बहिणीनं ते चाक बघायला मागितलं. भंगारात गेलं, असं मी सांगितलं. घातलं मीच होतं. महिन्याला चाळीस चाकं भरणारीला एकेक कुठलं आठवणार? आपलाच हात चुकला असं तिनं धरलं आणि चाकांना हात लावणं सोडलं. सहा वर्षं ती कपड्यांना बटणं लावते आहे, आणि मी गप्प बसलो. याची मला लाज वाटते.

५. हे मेल्यानंतर वाचलं जावं असा बेत होता. पण त्यात फक्त माझीच सोय होती. म्हणून सहीआधी, आज सकाळी, तिला बोलावून सगळं वाचून दाखवलं.

तिनं विचारलं, "तारा किती नंबरच्या होत्या?"

"बारा. दुकानातल्या सगळ्यांत जाड."

"मग तुटणारच." तिनं स्वतःचे दोन्ही हात उलटसुलट करून बघितले. "अख्खी सहा वर्षं, दादा. चहाचा कप उचलतानासुद्धा वाटायचं, सुटेल."

जाताना दारातून म्हणाली, "तुझ्या मरणाची वाट बघत बसणार नाही मी. सोमवारी किल्ली दे." म्हणून कलम चार सोमवारपासूनच लागू.

वरील मजकूर साक्षीदारांना वाचायला देऊन, त्यांच्यासमोर सही केली.

स्थळ : दुकानाची मागची खोली
दिनांक : ९ मार्च, शनिवार

लिहून ठेवणार : सही

साक्षीदार १ : सही (डॉक्टर)

साक्षीदार २ : सही (टपाल वाटणारी). पूर्ण वाचलं. ताईंना मी सहा वर्षं ओळख दिली नाही, आता आधी त्यांच्याकडे जाते. तुमच्याशी नंतर बोलेन, तोवर जिवंत राहा.